हिरा बोलती म्हणं

४ ऑक्टोबर
डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालं. वहीच्या रेघा दिसायला लागल्या, म्हणून लिहायला घेतलं. वही नातीची, पूजाची. निम्मी कोरी टाकून दिली व्हती. (पूजाला हितनं पुढं पू. लिहीन, बोटं दुखत्यात.)
सांजच्याला घरात चार माणसं आन तीन फोन; पू.चा जुना माझ्याकडं असतो, तो नुसता बोलायला. सुनील क्रिकेट बघतो, सून तिच्या मालिका, पू. काय बघती ते तिचं तिला ठावं. आदी रिमोटवरनं भांडणं व्हायची. सुनील आन त्याची बायको दोन-दोन दिस बोलायची न्हाईत. आता भांडण बी न्हाय. टीव्हीवर चादर घातलीय, मढ्यावर घालावी तशी.
पू.नं हिराचा नवा व्हिडिओ दाखवला. हिरा माझी धाकली भन; मी हितं बारामतीला, ती लासुर्ण्याला दिलेली. तिचा लेक दत्ता तिच्या ओव्या फोनवर टाकतो, 'लासुर्ण्याची हिराआजी' म्हणून. लाखांनी बघत्यात म्हणं. आदी हिरा जात्यावर बसली की आळीतल्या आठ-धा बायका यायच्या. आता एक बी येत न्हाय, लाख बघत्यात.
पर हिरा फोन उचलत न्हाय. गणपतीपासनं एकदा बी न्हाय. दत्ता म्हणतो झोपलीय. रेखा, त्याची बायको, म्हणती रानात गेलीय. गुडघ्यापायी जिला उंबरा वलांडवत न्हाय ती रानात काय करायला जाईल.

७ ऑक्टो.
सुनीलला म्हणलं मला लासुर्ण्याला सोड. म्हणला, "आई, डॉक्टरनं महिनाभर धूळ नको सांगितलीय. फोन कर की." मी म्हणलं, फोन उचलत न्हाय म्हणून तर जायचंय. तवर त्यालाच फोन आला.

९ ऑक्टो.
हिराचा आवाज आला. फोन न्हाय, आवाज भरून पाठवलेला. पू.नं लावला. "अक्का, मी बरी आहे. काळजी करू नकोस. डोळ्याला जप."
झालं. तेवढंच.
सुनील म्हणला, आता तरी समाधान झालं का.
आवाज हिराचाच, त्यात दुमत न्हाय. पर हिरा बोलाया लागली की चहा गार व्हतो, माणूस मुताया जाऊन येतं, तरी तिचं चालूच. मधी खोकती, मिश्री थुकती, रेखाच्या चार चहाड्या सांगती. ही बया तीन वाक्यांत उरकली. पू.ला परत लाव म्हणलं. चारदा लावलं. चारी टायमाला जशाच्या तसं. आता भरलेलं हाय म्हणल्यावर जशाच्या तसंच येणार, मला बी कळतं. पण मधी कुठं श्वासच न्हाय.

१३ ऑक्टो.
काय न्हाय. डोळ्यात थेंब तीनदा. हिराकडनं रोज सकाळी फुलाचं चित्र येतंय, 'शुभ सकाळ'. तिला फुलं कवा आवडली?

भाऊबीज
सुनील आतेबहिणीकडनं ववाळून घिऊन आला. दुपारच्याला पू. म्हणली, "आजी, हिराआजीची भाऊबिजेची ओवी आलीय, सगळ्यांच्या स्टेटसला तीच हाय." लावली.

भाऊबिजेच्या दिशी दारी उभा माझा बंधू
ओवाळिते मी गं त्याला, मनी आनंदाचा सिंधू

सिंधू म्हणं. हिराला नदी ठावी ती नीरा, आन पाणी ठावं ते कालव्याचं.
ते बी जाऊ द्या. आमाला भाऊच न्हाय. माहेरी डाळजला आमी दोघीच. आईला त्यावरनं काय काय ऐकावं लागलं ते आमी चुलीमागं बसून ऐकलंय. दिवाळीत चुलत्यांच्या घरी ताटं निघायची, आई आमाला दार लावून आत बसवायची. आईनं मग एक दिस सांगितलं, माझ्या घरात भावाची ओवी कुणी म्हणायची न्हाय. जात्यावर सगळ्या बायका भावाच्या ओव्या गायच्या, आमी दोघी त्या टायमाला गप. लग्नं झाली तरी गप. हिरानं म्हातारपणी बी भावाची ओवी म्हणली न्हाय. लोक म्हणायचे म्हण की गं एखादी, ती म्हणायची येत न्हाय. तिची ओवी ही व्हती:

दोघी आमी लेकी आईच्या गं डोळ्यावानी
एक वल्लं झालं, दुसऱ्यात येतं पानी

तिचीच, कुणाची घेतलेली न्हाय.
आन आज तिच्याच तोंडातनं बंधू. नीट बघितलं. तोंड हलतंय, मान हलत न्हाय. हिरा मान न हलवता गाऊच शकत न्हाय, लहानपणी वेणी सुटायची तिची.
फोन पालथा घातला, जेवले न्हाय. सुनील म्हणला, ऊन लागलं असंल. कार्तिक महिन्यात.

दुसऱ्या दिशी
पू.ला घिऊन शेखांच्या रफिकच्या मोबाईल दुकानात. चाळिशीचा माणूस, धंद्याला सरळ. व्हिडिओ दावला, म्हणलं हे माझ्या भनीनं म्हणलेलं न्हाय. त्यानं चष्मा वर सारून दोनदा बघितलं.
"खाला, हे मशीननं केलंय. जुन्या व्हिडिओतला आवाज घातला की मशीन तसंच गातं. तोंड बी तेच हलवतं."
"आन माणूस?"
"माणूस लागत न्हाय त्याला."
मी म्हणलं, जिता लागत न्हाय का मेला लागत न्हाय?
रफिकनं चष्मा खाली घेतला. मग म्हणला, तुमी फोनवर तोंड बघायला मागा, खाला. एकदा समक्ष बघा.

२६ ऑक्टो.
बघितलं. पू.नं तोंड दिसणारा फोन लावला, दत्तानं चौथ्यांदा उचलला. लांबनं दावली. खुर्चीत बसलेली, अंगावर कोरी साडी, डोकं विंचरलेलं. डाव्या गालावर टावेल धरलेला. मी म्हणलं, हिरे. तिनं वळून बघितलं. तोंड उघडलं. एका बाजूनंच उघडलं.
"रेंज गेली मावशी," दत्ता म्हणला.
माझ्याकडं रेंज व्हती.

२७ ऑक्टो.
सकाळी दत्ताला फोन. म्हणलं, खरं सांग न्हायतर तुझ्या आईच्या भनीला तू वळखत न्हाईस. मग सांगितलं. गौरी गेल्या त्या दिशी झटका आला. डावी बाजू गेली. पाय थोडा आला, बोलणं आलं न्हाय.
"सांगितलं का न्हाय?"
"तुमच्या डोळ्याची तारीख व्हती मावशी."
"डॉक्टर काय म्हणला?"
"म्हणला रोज बोलायचा सराव करून घ्या, शिकवणारी बाई बारामतीला असती. जितक्या लवकर तितकं येतं, उशीर केला की मग बसतं ते बसतंच."
"मग आणली का न्हाईस?"
त्यावर काय म्हणला ते हितं लिहून ठेवते. म्हणला, "पण बोलती की ती आता."

३१ ऑक्टो.
लासुर्ण्याला जाऊन आले. सुनीलनं गाडी काढली, तोंड फुगवून का हुईना.
पडवीत हिरवा पडदा लावलाय, म्होरं गोल दिवा, फोन उभा करायला तिकाटणं. एका दुकानदारानं धाडलेल्या साड्या कपाटावर. हिरा मधी बसलेली, देव बसवावा तशी. मी दिसले तसा उजवा हात वर केला. घशातनं आवाज काढला. "अक." परत, "अक्." घाम फुटला तिला तेवढ्यात. मला कळलं की काय म्हणती ती. अजून दोनदा म्हणली असती तर 'का' बी निघाला असता.
रेखा सासूला म्हणली, "थांबा आत्या, तरास नका घिऊ." मोबाईल काढला, बोटं चालवली, आन मोबाईल हिराच्या आवाजात म्हणला, "अक्का, आलीस? बरं वाटलं तुला बघून."
हिरानं तोंड मिटलं. घाम पुसला. मग काय बोलायला गेलीच न्हाय. कशाला जाईल? तिच्याआदी बोलून झालं व्हतं.
रेखा वाईट न्हाय. हागणं-मुतणं तीच करती, अंग स्वच्छ, पाठीला कुठं फोड न्हाय. तेवढं खरं लिहिलं पायजे. दत्ता म्हणला, "मावशी, रोज हजार माणसं विचारत्यात आजी कशी हाय. झटका आला म्हणून सांगितलं तर चार दिस हळहळतील, मग कुणी बघणार न्हाय. असं हाय तर ती जिती ऱ्हाती की लोकांत."
मी म्हणलं, लोकांत जिती हाय, तुझ्या घरात हाय का?
हिराच्या म्होरं बसून इचारलं, माझ्याकडं येतीस का, बारामतीला, बोलायचं शिकवणाऱ्या बाईकडं रोज नेते. तिनं माझा पदर धरला. उजव्या हातानं, मुठीत.
तवा मागनं आवाज आला, "नको अक्का, मी इथंच बरी आहे."
हिराचा आवाज. हिराचं तोंड माझ्या म्होरं, बंद. मी वळून रेखाकडं बघितलं, ती फोनात बघत व्हती.
दत्ता म्हणला, बघा, तीच म्हणती. आन माझ्या पोटच्या सुनीलनं मान डोलावली. "आई, तिचं मन न्हाय तर कशाला वढतीस."
पदर सोडवायला रेखा आन दत्ता दोघं लागलं.

३ नोव्हेंबर
शिकवणाऱ्या बाईला भेटून आले. तरुण हाय, मराठी नीट बोलती. म्हणली, झटका येऊन दोन महिनं व्हत आलं, आता दिस घालवू नका. "अक् निघतंय म्हणजे वाट हाय आजी. पण बोलायची गरजच न्हाय पडली तर मेंदू ती वाट सोडून देतो." सोमवारची वेळ दिली. दत्ताला कळवलं. हो म्हणला. लई पटकन हो म्हणला.

८ नोव्हें.
पू.ला म्हणलं माझे जुने आवाज, व्हिडिओ काय असतील ते फोनातनं पुसून टाक. म्हणली, "आजी, माझ्यातनं पुसलं तरी बाकीच्यांकडं हायेत की. बारशातला तुझा शिव्यांचा व्हिडिओ कवाच सगळीकडं गेलाय." हसत म्हणली.
त्यात मी किती वेळ बोलले ते इचारलं. बराच वेळ, म्हणली.

९ नोव्हें., रविवार
जेवायला बसलो तवा सुनीलचा फोन वाजला. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. "सुनील, उद्या गाडी नको आणूस बाळा. मला प्रवास झेपत नाही. अक्काला समजाव. ती हट्टी आहे."
सून म्हणली, आता तर त्या सोताच म्हणल्या. सुनीलनं गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. आपली गाडी त्यानं आदीच दोस्ताला दिली व्हती, म्हणून भाड्याची ठरवलेली.
मी म्हणलं, ते मशीन हाय, तुला ठावं हाय.
"मशीन हाय पण लिहिलं तर मावशीनंच असंल की. उजवा हात चालतो तिचा."
घास खाली ठेवला. सुनील, हिराला लिहायला येत न्हाय. आमच्या बापानं एकच पाटी आणली व्हती, ती मला दिली. मी चवथीपतुर गेले, ती शेरडं राखायला. तिला सोताचं नाव लिहिता येत न्हाय, अंगठा करती. ती मोबाईलवर काय लिहिणार?
सुनीलनं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणला, "आवाज तरी तिचाच हाय ना, आई." आन भात मागितला.

१० नोव्हें., सोमवार
एस्टीत लिहितेय, अक्षर हलतंय. बारामती-इंदापूर गाडी. घरी कुणाला सांगितलं न्हाय, पू. कॉलेजला गेल्यावर निघाले. कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं, म्हणला, आजी, एकट्याच? म्हणलं, जाताना एकटी. शिकवणाऱ्या बाईची दुपारी चारची वेळ हाय. लासुर्ण्याच्या फाट्यावर रिक्षा असत्यात, हिराला उचलायला दोन माणसं लागतील, गावात कोण तरी असंल माझ्या वळखीचं, फोनात डोकं न घातलेलं.
भवानीनगर गेलं. म्होरं उसाचा ट्रेलर, गाडी पायानं चालल्यागत.
फोन वाजला. फोनच्या काचंवर हिराचा फोटो, नथ घातलेला. उचलला.
"अक्का, तू निघालीस का? माघारी फिर. ऊन आहे, डोळा जप."
मी निघाल्याचं हिराला कुणी सांगितलं? सुनीलला कळलं असणार, त्यानं दत्ताला लावला असणार.
मी म्हणलं, हिराला फोन दे.
पंख्याचा आवाज येत व्हता. मागं कुणीतरी घशातनं काय तरी काढत व्हतं, कुणीतरी त्याला गप, गप म्हणत व्हतं.
मग तोच आवाज, मऊ, एका दमात, "मीच हिरा बोलतेय, अक्का."
शेजारची बाई वाकून फोटोकडं बघाया लागली. म्हणली, "अगं बाई, ही तर हिराआजी. तुमच्या कोण?"
मी फोन कानाला तसाच धरलाय. तिकडनं बी कुणी ठेवला न्हाय.