कॉरिन व्हॅन्सचं चरित्र, प्रकरण तीनपर्यंत

३ ऑगस्ट २०२०, सोमवार. डँडेनॉन्ग, मेलबर्न.
स्टेज फोर लॉकडाऊन. फॅक्टरी बंद, मी घरी. सगळे रडतायत. मी नाही. संकल्प: रोज वीस मिनिटं ध्यान, रोज दोन पानं लेखन. चिडायचं नाही. (तसा मी चिडत नाहीच.)
विषय मिळालाय! शेजारच्या युनिटमधली एक्याण्णव वर्षांची मॅव्हिस, जिला सहा वर्षं कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना नुसतं ‘मॉर्निंग’ म्हणत होतो, ती एकेकाळी हॉलिवूडची नटी कॉरिन व्हॅन्स होती. सुमेधाला गेल्या वर्षीच कळलं होतं. नवऱ्याला सांगू नये? सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस, असं तिचं म्हणणं.
चरित्र मराठीत, दिवाळीपर्यंत. पुढे त्यावरच नाटक. २०१७ची इथल्या मराठी मंडळाची एकांकिका मीच बसवली होती, अनुभव आहे.

६ ऑगस्ट, सकाळी ११
पहिली मुलाखत. कुंपणापलीकडे ती खुर्चीत, अलीकडे मी दुधाच्या क्रेटवर. दोघांना मास्क. १९४९ ते ५६, अकरा सिनेमे. नऊमध्ये तिचा खून. तीनदा गोळी, दोनदा गळा, एकदा चालत्या ट्रेनमधून, एकदा विहिरीत, एकदा बर्फ फोडायच्या टोच्याने, एकदा जुळ्या बहिणीकडून. गळा आवळून मरणं सगळ्यात सोपं, पुढचे डायलॉग पाठ करावे लागत नाहीत, म्हणाली.
ध्यान: अ‍ॅप मध्येच अडकलं. फोन टेबलावर ठेवला, जरा जोरात ठेवला गेला. स्क्रीन तडकली. हल्ली काचाच हलक्या.

१२ ऑगस्ट
रसेल नावाच्या दिग्दर्शकाची हकिगत. सिनेमात हिरो तिला थोबाडीत मारतो. रसेल म्हणाला, खरी मार. सतरा टेक. सतराव्याला दात पडला. तोच टेक सिनेमात आहे. पुढच्या वर्षी तिने रसेलशीच लग्न केलं.
मी म्हटलं, परफेक्शनिस्ट माणूस. मॅव्हिस बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. प्रभावित झाली असावी.
प्रकरण दोनचं नाव: ‘कलेची किंमत’. लेखन अर्धं पान.

२१ ऑगस्ट
सुमेधाच्या ऑफिसच्या मीटिंगा दिवसभर आमच्या डायनिंग टेबलावर. मला म्हणाली, हळू बोल. मी हळूच बोलत होतो. त्यात चहाचा कप भिंतीला लागला. मीटिंगमधल्या कुणीतरी विचारलं, सगळं ठीक ना? सुमेधा म्हणाली, मांजर. आमच्याकडे मांजर नाही. बायको इतकी सहज खोटं बोलते हे बघून वाईट वाटलं.
दुपारी मॅव्हिसनेही विचारलं, आवाज कसला? म्हटलं, नाटकाची तालीम. एकट्याची? म्हणाली.

२९ ऑगस्ट
मोठा प्रसंग. पार्टीत तिने रसेलचं वाक्य मध्येच तोडलं. घरी आल्यावर त्याने जिन्यावरून ढकललं. जबडा दोन ठिकाणी मोडला. अजून एका बाजूने चावता येत नाही. स्टुडिओने पेपरात दिलं की घोड्यावरून पडली. फोटोसाठी हॉस्पिटलच्या दारात खरा घोडा आणून उभा केला!
वाचकाला हे जड जाईल. मी ‘उत्कट प्रेमातली वादळं’ असं लिहिलं आणि तिला इंग्रजीत समजावून सांगितलं. ती हसली. म्हणाली, मेट (म्हणजे मित्रा), तू स्टुडिओत नोकरीला हवा होतास. आजवरची सर्वात मोठी दाद.

५ सप्टेंबर
लेखन बंद. उजव्या हाताची बोटं सुजलीत. चर्चा चालू असताना सुमेधा बाथरूममध्ये जाऊन कडी लावून बसली. हे असभ्यच. दार फारच पातळ निघालं. मूठ आरपार. म्हणजे पुस्तक रखडलं ते तिच्यामुळे. तसं तिला सांगितलंही, शांतपणे, भोकातून.

९ सप्टेंबर
रसेलला सोडलं कसं? मॅव्हिस म्हणाली, तो गळा दाबत होता तेव्हा हाताला दिवा लागला. पितळी. त्याच्या कानावर हाणला, दोनदा. दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती, म्हणाली, पण मारला. मग अंगावरच्या कपड्यांनिशी जहाज पकडून मेलबर्न. पुन्हा कधी सिनेमा नाही. चाळीस वर्षं इथे एका कारखान्याच्या कँटीनमध्ये सँडविचेस.
चाळीस वर्षं सँडविच कोण वाचणार? दिव्यावर संपवतो म्हटलं. ती म्हणाली, तोच भाग चांगला आहे, चाळीस वर्षं कुणी माझ्यावर हात उगारला नाही. मुद्दा तिला समजत नाहीये. लेखक मी आहे.

१४ सप्टेंबर
आजपासून एकट्या राहणाऱ्यांना एक माणूस घरी बोलवायची परवानगी. मॅव्हिसने कुणाला निवडावं? सुमेधाला! मी सहा आठवडे क्रेटवर बसलो. राग अजिबात आला नाही. क्रेट मोडलं.

१६ सप्टेंबर
सुमेधा शेजारून हसत आली. काय बोलता म्हणून विचारलं. काही नाही, म्हणाली. काही नाही म्हणजे काय? मी तिला फक्त वाटेतून बाजूला केलं. कपाट जवळ होतं. मनगट मुरगळलं तिचं. बर्फ मीच आणून दिला, हे कुणी लक्षात घेत नाही.
संध्याकाळी मॅव्हिस कुंपणापाशी आली. या वेळचा घोडा कुठल्या रंगाचा होता, तिने विचारलं. मला काही कळलं नाही. वय झालंय.

१८ सप्टेंबर
सकाळी दहाला सुमेधा बॅग घेऊन शेजारी गेली. बॅग! मी कुंपणावर चढलो. मॅव्हिसने माझ्या बोटांवर काठी हाणली. त्याच, सुजलेल्या बोटांवर.
नियम म्हणजे नियम. मी स्वतः पोलिसांना फोन केला, बायको लॉकडाऊन मोडतेय. दोघं आले. कॉन्स्टेबल बाईने आधी बोटं बघितली, मग दाराचं भोक बघितलं, त्यात स्वतःची मूठ धरून बघितली. मग शेजारी जाऊन तासभर बसली. परत येऊन म्हणाली, घरात मार बसत असेल तर कुणीही बाहेर पडू शकतं, कर्फ्यूतसुद्धा. बाहेर पडायच्या कारणांच्या यादीतच आहे ते, मेट.
मी काठीची तक्रार केली. काठी कुणी पाहिली नाही म्हणे.
मग कागद दिला. घर मी सोडायचं. सुमेधाशी बोलायचं नाही, मेसेज नाही. कागदाच्या मागे मी लेखक असल्याचं लिहून घ्या म्हटलं. नाही लिहिलं.

१९ सप्टेंबर, दुपारी ३. मोटेल.
एक खोली, खिडकीसमोर कारपार्क. अजितला फोन केला. माझ्या एकांकिकेतला हिरो, दहा वर्षांची मैत्री. गैरसमज झालाय, तुझ्याकडे चार दिवस येतो, म्हटलं.
वर म्हटलं, लॉकडाऊनची अडचण असेल तर कागद आहे माझ्याकडे.
म्हणाला, चारू, लॉकडाऊन नसता तरी नाही म्हटलं असतं. त्याच्या मागून त्याच्या बायकोचा, सुनीतीचा आवाज आला. सांग त्याला, आम्हाला तालमींपासून माहीत आहे.
काय माहीत आहे, हे मी विचारलं नाही.