हेल्मीबाईंनी चर्च का सोडलं

५ ऑक्टोबर, रविवार
चर्चच्या दारावर स्वागताला उभा राहतोय त्याला आज चार वर्षं झाली. एकशे बारा जणांशी हात मिळवला. फादर म्हणाले, माणसं गळताहेत. म्हटलं, सोडा माझ्यावर. फोनवर नुसता आवाज ऐकून घर तापवणाऱ्या फर्नेसचा बिघाड सांगतो मी. इथे कॅनडात, व्हिटबीत माझ्या रिपेअरच्या सहा व्हॅन उगाच नाही फिरत. माणूस का जातो, तेही ऐकूनच कळेल.

७ ऑक्टोबर
सुरुवात शेजारच्या हेल्मीबाईंपासून. फिनलंडच्या, जन्माने लुथरन पंथाच्या. तिकडचं चर्च सोडून मग इकडे मुलाकडे आल्या. माझा अंदाज, टॅक्स. तिकडे चर्चचा टॅक्स पगारातूनच कापतात. महिन्याभरात बाईंना आमच्या चर्चच्या दारात आणतो. तेरेसाला प्लॅन सांगितला. ‘बरं’ म्हणाली. बायकोचा पाठिंबा म्हणजे अर्धं काम झालं.

११ ऑक्टोबर
हेल्मीबाईंकडे कॉफी, वेलचीचा ब्रेड. टॅक्सचं विचारलं तर हसल्या. तीस वर्षं तिथल्या चर्चच्या क्वायरमध्ये गायल्या. नवरा आजारी पडला, वर्षभर जाता आलं नाही. मग कॉम्प्युटरवर चर्च सोडण्याचा फॉर्म भरला. दोन मिनिटं. “राग नव्हता, डॉमनिक. मी येत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.”
चूक सिस्टिमची. आमच्याकडे शक्य नाही. दारावर मी असतो.
घरी तेरेसाला म्हटलं, त्या ब्रेडची रेसिपी माग. म्हणाली, आहे माझ्याकडे.

१९ ऑक्टोबर, रविवार
मिस्सानंतर, म्हणजे रविवारची उपासना संपल्यावर, भाषण केलं. एकही माणूस नकळत जाता कामा नये. टाळ्या. ऑफिस सांभाळणाऱ्या क्लॅरिसाने विचारलं, तेरेसा बरी आहे ना, दिसत नाही. सांगितलं, ती मागाहून स्वतःच्या गाडीने येते, मागे बसते. क्लॅरिसाने मागच्या बाकांकडे पाहिलं. तिला नेहमीच काहीतरी शंका.

२६ ऑक्टोबर, रविवार
मिस्साआधी हेल्मीबाईंना न्यायला गेलो. दार तेरेसाने उघडलं. पायात त्यांच्या घरच्या लोकरी सपाता, टेबलावर दोन कप. ईस्टरनंतर दर रविवारी इथेच असते म्हणाली.
मी विचारलं, का?
“ईस्टरला दारात तू माझाही हात हातात घेतलास. ‘वेलकम’ म्हणालास, आणि माझ्या मागच्याकडे वळलास.”
हेल्मीबाई ब्रेड कापत राहिल्या. मी पायपुसण्यावर उभा. बूट काढू की नको, ते सुचेना.

२ नोव्हेंबर, रविवार
दारावर गेलो नाही. कुणाला कळवलंही नाही. निघताना तेरेसाने विचारलं, येतोस कॉफीला? म्हटलं नको, फादरचा फोन येईल.
दोन वाजेपर्यंत बसलो.
आला नाही.