दोरीवरचा निरोप

फाल्मथ,
२५ नोव्हेंबर १९६८

ती. स्व. आयडावन्सं यांस,
थर्झाचा सा. न. वि. वि.

तुमचा लाडका भाऊ ऑगस्टात इथून एकटाच निघाला, तो अजून पाण्यावरच आहे. शिडाच्या होडीतून, कुठेही न थांबता पृथ्वीला वळसा घालून यायचं, अशी शर्यत आहे. अकरा वर्षांत घराचं गळकं छप्पर ज्याच्याने झालं नाही, त्याने पृथ्वी हाती घेतली! नियम असा, की वाटेत कुणाकडून काडीही घ्यायची नाही. हेडलीने जाणाऱ्या जहाजावर पत्र फेकलं तर चालतं. मी त्याला चिठ्ठी पोचवली की तो बाद. तसं आमच्या संसारातही फार वेगळं नव्हतं म्हणा.

आफ्रिकेच्या टोकाजवळून त्याने टाकलेलं पत्र परवा आलं. लिहितो, इथे दिवस संपत नाहीत, नुसते रंग बदलतात; पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठून सुरू झालं, कळत नाही; परत कशाला यायचं, तेही कधीकधी आठवत नाही.

आणि वन्सं, मला दिवस गेलेत. तो गेल्यावर पाच आठवड्यांनी कळलं. त्याला हे सांगणं मदत धरणार का, असं शर्यतवाल्यांना विचारलं. बारा दिवस विचार करून त्यांनी कळवलं, की तोंडी बाप व्हायला हरकत नाही, लेखी मात्र नको.

नाताळच्या सुमारास तो न्यूझीलंडपाशी, तुमच्या ब्लफवरून जाईल. त्याला एवढं सांगा. ‘परत ये’ असं मात्र माझ्या वतीने म्हणू नका. ते त्याचं त्याला सुचू दे.

केशराचे पाव भाजलेत, पण तुमच्यापर्यंत वासही पोचायचा नाही. लोभ आहे तेवढा टिकवा, वाढवायचं पुढे बघू.

आपली,
थर्झा


ब्लफ,
२९ डिसेंबर १९६८

चि. सौ. थर्झा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी अशी किंचाळले, की आमच्या ह्यांच्या हातून शेवंडांची टोपली पडली. त्यांच्याच मासेमारीच्या बोटीत आम्ही तीन दिवस सामुद्रधुनीत वाट पाहिली. चौथ्या सकाळी धुकं विरलं आणि त्यातून हेडलीची होडी आली, झोपेत चालत आल्यासारखी. दाढी थेट बाबांची! मी घसा फुटेस्तोवर ओरडले, पण वाऱ्याने एक शब्द पोचू दिला नाही. तो आपला हसत मागच्या एका पांढऱ्या पक्ष्याकडे बोट दाखवतोय, जणू घरच्या माणसाची ओळख करून देतोय. आणखी जवळ चला म्हटलं, तर हे खेकसले, की होडीला होडी टेकली तर बाद होईल तो, गप बस.

वाट बघताबघता तुझ्या बाळासाठी बारा लंगोट शिवले होते. ते मी दोरीवर एकेक करून वाळत घातले, बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हेडली बघत राहिला. हसू गेलं. मटकन खाली बसला. हात हलवला नाही, की काही नाही. तसाच पूर्वेला दिसेनासा झाला. त्याला समजलं, की बहीण समुद्रात धुणं घेऊन हिंडते असं वाटलं, देव जाणे. लहानपणापासून तो मला अर्धवटच समजतो.

जपून राहा. निरोपात कमी पडले असेन, मायेत नाही.

तुझी वन्सं,
आयडा


फाल्मथ,
६ एप्रिल १९६९

ती. स्व. वन्सं यांस सा. न. वि. वि.

जानेवारीपासून तो कुठल्याच जहाजाला दिसलेला नाही. वर्तमानपत्राने त्याचं नाव पहिल्या पानावरून शेवटच्या पानावर नेलं, तेही हवामानाच्या खाली. छपराखाली आता तीन पातेली ठेवते. पोटातलं टपटप ऐकून लाथा मारतं. तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. ज्याला यायचंच नसेल, त्याला बारा काय, बाराशे लंगोट दाखवले तरी काय होणार?

आठवण ठेवा. इथे सध्या तीच कमी पडते आहे.

थर्झा


फाल्मथ,
३ जून १९६९

ती. स्व. वन्सं यांस शि. सा. न. वि. वि.

चौदा मेला मुलगी झाली. आणि शनिवारी तिचा बाप आला.

शर्यत केव्हाच हातची गेली होती. धक्क्यावरची माणसं हसत का होती, ते मला आधी कळेना. मग दिसलं. डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत दोरी, आणि तिच्यावर बारा पांढरे चौकोन फडफडत होते. पठ्ठ्याने मंद वाऱ्याचं हलकं शीड कापून, जाड्या सुईने त्यांना काठ शिवले होते. मग ते शीड नाही म्हणून पडलेल्या वाऱ्यात तेवीस दिवस एका जागी बसून राहिला. शर्यतवाल्यांनी नियम चाळले. लंगोटांविषयी काही सापडलं नाही.

जमिनीवर पाय ठेवला तर लटपटत होता. पहिला प्रश्न काय, तर बारा पुरतील ना! वन्सं, ते कापड इतकं कडक आहे, की त्यात गुंडाळली तर पोरगी उभीच राहील.

म्हणून आज सकाळी ते बाराही चौकोन, डांबर आणि खिळे घेऊन तो छपरावर चढला आहे. खाली पोरगी झोपली आहे, वर ठोकाठोक चालू आहे. ‘परत ये’ असं मला शेवटपर्यंत म्हणावं लागलं नाही. आता मात्र पत्र इथेच थांबवते. जेवण निवतंय, ‘खाली ये’ म्हणून ओरडायला हवं.

आपली,
थर्झा