उत्क्रांतीच्या पानावरची सही

मुलुंड, मंगळवार संध्याकाळ

मिळाली एकदाची सही. बरं वाटायला हवं होतं ना?

दहावीला उत्क्रांती शिकवायची, म्हणून टाचण वही मोठ्या बाईंकडे दिली होती. तीन दिवस तशीच परत येत होती. बाकी सगळ्या पानांवर त्यांची लाल सही, त्या एकाच पानावर नाही. ओरडल्या नाहीत, काही नाही. आज हसून म्हणाल्या, "अगं, देवाने सृष्टी निर्माण केली, हेही शेजारी लिही ना. मुलांना दोन्ही बाजू कळू देत."

विज्ञानाच्या तासाला? पुरावे एकाच बाजूला आहेत, एवढं तरी बोलायचं होतं. पण उभ्या उभ्या लिहून दिलं, माझ्याच अक्षरात. लगेच सही. लाल शाई ओली होती, बोटाला लागली.

दाराशी पोचले तर मागून म्हणाल्या, "सातवीला पुढच्या आठवड्यात ग्रहण आहे ना? त्यालाही दुसरी बाजू असेलच."

बोट साबणाने दोनदा धुतलं. लाल जात नाहीये.

वही समोर उघडी आहे. ग्रहणाच्या पानावर राहूचं नाव लिहूनसुद्धा झालंय. या वेळी त्यांना सही अडवावी लागणार नाही.