रिव्हर्समध्ये लावलेली गाडी

ट्रोलहेट्टन,
२४ फेब्रुवारी २०१२

तीर्थरूप राग्नहिल्डताईस,

धाकट्या होल्गरचा दोन्ही हात जोडून, आणि उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच, नमस्कार. तुझ्या खुब्याच्या ऑपरेशनला आता सहा आठवडे होतील. काठी सोडलीस का? सोडू नकोस. तुमच्या गोथेनबर्गच्या घराच्या पायरीपुढच्या बर्फावर दाजी वाळू टाकत नाहीत, हे मी नाताळात स्वतःच्या बुडाने तपासून पाहिलं आहे. त्यांची साखर कशी आहे? त्यांनाही नमस्कार सांग आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. (यातल्या बऱ्याच गोष्टी तुला पाठ आहेत. पण सिक्स्टनदाजींनी तीस वर्षं गोथेनबर्गच्या त्या दुसऱ्या मोटार कंपनीत काढली, तेव्हा त्यांना त्या पुन्हा पुन्हा ऐकवणं हे मी माझं कर्तव्य समजतो.) आम्ही इथे मजेत आहोत. गुनवोरला सर्दी आहे, मला काही नाही. झोप उत्तम लागते.

फोनवर तू विचारलंस की कामाचं काय झालं, आणि मी विषय बदलून क्रीम भरलेल्या सेम्ला बनांवर नेला. तर आता सविस्तर लिहितो. आमच्या साब कारखान्याचं दिवाळं वाजल्याला दोन महिने झाले. मी सत्तावन्न वर्षांचा आहे, म्हणजे पेन्शनला आठ वर्षं कमी आणि नवीन काम शिकायला तीस वर्षं जास्त. रोजगार कचेरीत एक मुलगी बसते, आपल्या शाळेतल्या हर्डिसबाईंची नात. तिने विचारलं, "होल्गर, तुम्हाला काय काय येतं?" मी खरं ते सांगितलं, की मला गाडीच्या पुढच्या दोन सीटांच्या मध्ये किल्लीचं कुलूप बसवता येतं. ती बराच वेळ कॉम्प्युटरवर टाइप करत राहिली. मग म्हणाली, "याला सध्या मागणी दिसत नाही." पुढे तिने आवाज खाली आणून, जणू काही वाईट रोगाचं नाव घ्यायचं आहे अशा स्वरात सांगितलं की गोथेनबर्गच्या त्या कंपनीत माणसं घेतायत. मी म्हटलं, "पोरी, त्यापेक्षा मी बंदरावर हेरिंग मासे खारवीन." ती म्हणाली की हेरिंगवाल्यांनाही नकोयत माणसं, तिने विचारलं होतं.

आता दाजींसाठी थोडं सुरुवातीपासून सांगतो. विमानं बनवणाऱ्या काही माणसांनी युद्ध संपता संपता ठरवलं की आता मोटार करू. त्यांच्यातल्या बहुतेकांना गाडी चालवताच येत नव्हती म्हणे, आणि मला हे फार आवडतं. ज्याला चालवता येते तो दुसऱ्यांनी केली तशीच करतो. यांनी विमानाचे पंख काढले, खाली चाकं लावली, आणि गोदामात विमानांचा हिरवा रंग उरला होता तो फासला. अशी आमची साब जन्मली. बाबांनी घेतलेली आपली पहिली गाडी तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं, तेही मापाने, आणि बाबा ते माप आईच्या पुडिंगच्या भांड्याने घ्यायचे. (आपल्याकडच्या पुडिंगला जी एक वेगळी चव असायची, ती आपण आईचं कसब समजायचो.) मागे निळा धूर, पुढे लाह्या फुटल्यासारखा आवाज. आपण चर्चच्या दारात पोचायच्या आत आवाज पोचायचा आणि पाद्री प्रार्थना आवरती घ्यायचे.

मग आमचे दिवस आले. टर्बो इंजिनाची गाडी आली. प्राध्यापक, दातांचे डॉक्टर, घरांचे नकाशे काढणारे, सगळे चष्मेवाले आमच्या दारात. दाजींच्या कंपनीची गाडी माणूस बायकोमुलं सुखरूप राहावीत म्हणून घ्यायचा. आमची घेतली की शेजारी विचारायचे, ही अशी का? आणि मालक अर्धा तास उत्तर द्यायचा. आता वाटतं, ते उत्तर देता यावं म्हणूनच लोक ती घेत होते. सगळ्यात जास्त प्रश्न माझ्या खात्याबद्दल असायचे. किल्ली स्टिअरिंगच्या चक्रापाशी नसून खाली सीटांमध्ये का? तर ठोकर लागली तर गुडघा फुटू नये म्हणून. आणि गिअर रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली बाहेर का येत नाही? तर चोर येऊ नये म्हणून, किल्लीशिवाय गिअर हलतच नाही. त्याला गाडी न्यायचीच असली तर ट्रोलहेट्टनभर उलटी न्यावी लागली असती. यामुळे आम्हा सगळ्यांना एक सवय लागली, आणि पुढची सगळी हकिगत त्या सवयीमुळे घडली आहे. गाडी थांबली की हात आपोआप रिव्हर्स टाकतो. हँडब्रेक आम्ही ओढत नाही. हिवाळ्यात तो गोठतो, आणि रिव्हर्समध्ये गाडी खुंट्याला बांधल्यासारखी उभी राहते, मग ओढायचा कशाला?

पण चष्मेवाले जगात थोडेच असतात, ही गोष्ट कुणी लक्षात घेतली नाही. मग अमेरिकन मालक आले. भली माणसं होती, नेहमी हसायची. त्यांचं म्हणणं असं की आमचा हा तयार सांगाडा घ्या, वर तुमचा पत्रा चढवा, झालं. आम्ही हो म्हटलं आणि सांगाडा खोलून बघितला. खोलून बघितलेली वस्तू आमच्या हातून परत तशीच बसवली जात नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही स्क्रूसुद्धा बदलले. गाडी झकास झाली आणि इतकी महाग पडली की अमेरिकनांचं हसणं कमी होत गेलं. ते गेले, डच आले. डचांच्या मागून चिनी येणार येणार म्हणून आम्ही पायपुसणी झटकून ठेवली. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत कारखाना वाचवा म्हणत शेकडो गाड्या त्याच्याभोवती फिरल्या, मी आमची हिरवी साब घेऊन चार फेऱ्या मारल्या, गुनवोरने लोकांना कॉफी वाटली. गेल्या नाताळाआधी सगळं संपलं. मी रडलो नाही. गुनवोर म्हणते रडलास, पण तिला तेव्हाही सर्दी होती, तिला नीट दिसलं नसेल.

असो. मुलाखतीला मी फक्त त्या मुलीचं मन मोडू नये म्हणून गेलो, हे दाजींना दोनदा वाच. आता प्रश्न आला की जायचं कशातून. आपल्या हिरवीतून त्या दारापाशी जाणं मला पटेना. (लाज म्हणून नव्हे. तिला काय वाटेल म्हणून.) आपल्या चर्चच्या टूरे पाद्रींकडे दाजींच्याच कंपनीची एक जुनी चौकोनी गाडी आहे, कपाटाला चाकं लावावीत तशी. मी मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाप्तिस्मा परत करायला आलो आहे. पण दिली. मंगळवारी सकाळी मी गाडीत बसलो आणि किल्ली घेऊन दोन सीटांच्या मध्ये चाचपू लागलो. खोकल्याची एक गोळी सापडली, चर्चमधल्या स्तोत्रक्रमांकांच्या फळीवरचा सातचा आकडा सापडला, भोक काही सापडेना. पाद्री खिडकीतून सगळं पाहत होते. शेवटी ते हळूच म्हणाले, "होल्गर, इतर सगळ्या माणसांसारखं वर बघा."

गोथेनबर्गपर्यंत गाडी नीट चालली. दाजींना सांग की हे मी मोकळ्या मनाने लिहितो आहे. पाहुण्यांच्या जागेत, मुख्य दरवाजासमोरच, झेंड्याच्या काठीपुढे मी ती लावली आणि आत गेलो. मुलाखत घ्यायला सोलवेग नावाच्या बाई होत्या, साठीच्या, आखूड पांढरे केस. उपासाआधीचा सेम्ला मंगळवार असल्यामुळे टेबलावर बन होते. मी ठरवलं होतं की प्रश्नांना तोडून उत्तरं द्यायची आणि त्यांचं काही खायचं नाही. पण ताई, बनात बदामाचं सारण चांगलं दीड बोट होतं. दुसरा बन खाताना बाईंनी विचारलं की तुम्ही इथे का येऊ इच्छिता. मी म्हटलं, इच्छित नाही. त्या म्हणाल्या, तुमच्या नाकाला क्रीम लागलंय.

पुढे पाऊण तास आम्ही कुलपांबद्दलच बोललो. एकोणचाळीस वर्षांत मला कुणी इतकं नीट विचारलं नव्हतं. उन्हाळ्यात कुलपाची नळी किती फुगते, वाळू गेली तर काय करायचं, सांडलेली कॉफी कशी काढायची (आमच्याकडे कॉफी थेट किल्लीच्या भोकातच सांडायची, हा एक आमचा लहानसा दोष). मी बोलता बोलता उभा राहून खुर्च्या ओढल्या आणि दोन सीटा मांडून दाखवल्या. मग लक्षात आलं की मी कुठे आहे, आणि पुन्हा गंभीर तोंड करून बसलो.

निरोप द्यायला त्या बाहेर आल्या. पाद्रींची गाडी पाहिली आणि एकदम पोरीसारख्या धावल्या. "अगं बाई, ही! याच मॉडेलवर मी कामाला लागले!" मी हो हो करतो आहे तोवर त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली, दार उघडलं आणि नुसता आवाज ऐकावा म्हणून बाहेर उभ्या राहूनच, वाकून, किल्ली फिरवली. कपाटाने उसळी मारली. मागे. दाराने बाईंना अलगद बर्फाच्या ढिगाऱ्यात बसवलं, आणि पाद्रींची गाडी झेंड्याच्या काठीला जाऊन टेकली. काठी मोडली नाही. फक्त दोरी सुटली, आणि कंपनीचा झेंडा आपल्या आपण सावकाश अर्ध्यापर्यंत उतरला. गेटावरच्या पहारेकऱ्याने टोपी काढली. त्याला वाटलं कुणीतरी वारलं.

मी बाईंना उठवलं. त्यांनी कोटावरचा बर्फ झटकला, आत डोकावून गिअर पाहिला, मग हँडब्रेक पाहिला, आणि मग हसायला लागल्या त्या थांबेनातच. म्हणाल्या, "जानेवारीपासून ट्रोलहेट्टनचे चौघं आले. असं करणारे तुम्ही तिसरे. एकाने तर माझीच गाडी अशी लावून दिली होती." मी विचारलं, चौथ्याने काय केलं? "तो बसने आला होता." मग त्या म्हणाल्या की पाच मार्चपासून या, सकाळी साडेसहाला, कुलपांच्याच विभागात, आणि महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवा. हात मिळवताना म्हणाल्या, "होल्गर, इथे तुमच्यावर कुणी हसणार नाही. म्हणजे झेंड्यावरून हसतील. पण साबवरून नाही."

पाद्रींच्या गाडीला ओरखडासुद्धा नाही. (दाजींना हे वाचून दाखवायची गरज नाही.)

तेव्हा ताई, सगळा विचार करून मी नाही म्हणायचं ठरवलं आहे. बाबा साबमध्ये, मी साबमध्ये, आणि आता मी जाऊन त्या दुसऱ्यांच्या गाडीत चक्रापाशी कुलूप बसवायचं, हे बरं दिसत नाही. आमचं इथे छान चाललं आहे. कालव्यावर फिरायला जातो, गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक होतात. काळजी करू नये.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
होल्गर

ता. क. तुमच्या माळ्यावरच्या खोलीत हीटर आहे का? सहज आठवलं.

ता. क. २. तुमच्याकडून त्या कारखान्याकडे सकाळी साडेसहाच्या आत पोचणारी बस असते का? दाजींना विचारू नकोस, ते हसतील. थांब्यावर वेळापत्रक लावलेलं असेल.

ता. क. (गुनवोरच्या अक्षरात) राग्नहिल्डवन्सं, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी लिहिते. यांची झोप उत्तम नाही. रोज पाचला उठतात, डबा भरतात, थर्मास भरतात, आणि गॅरेजात जाऊन त्या हिरव्या गाडीत बसतात. गाडी चालू करत नाहीत. दहाला डबा संपवून आत येतात आणि सांगतात की कालव्यावर फिरून आलो. बर्फात पावलं नसतात, वन्सं. मंगळवारी मात्र गोथेनबर्गहून आले ते जेवताना सुद्धा बोलत होते, कुलपं आणि कुलपं, मला वाटलं आता नवरा परत आला. बुधवारी पुन्हा गॅरेजात. तुम्ही मोठ्या आहात, तुमचं ऐकतील. माळ्याचं छप्पर गळतंय, माणूस हवाय, असं काहीही कळवा आणि बोलावून घ्या. स्वतःसाठी म्हणून ते कधी यायचे नाहीत. मी इथे एकटी राहीन, मला चालेल.

ता. क. ३. गुनवोरने पाकीट नीट चिकटवलं नव्हतं, म्हणून उघडलं आणि वाचलं. डबा साडेनऊला संपतो, दहाला नाही. बाकी सगळं खरं आहे. ताई, छपराचं काही लिहू नकोस. सोमवारी मी सोलवेगबाईंना फोन करून हो म्हणणार आहे. मला काम हवं आहे. आठवड्याचे पाच दिवस मला ठेवून घेशील का?