प्लग तपासला, ठीक

मंगळवार, १४ ऑक्टोबर
दुपारचे १ वाजून ५० मिनिटे. गाडी चार्जिंगला लावली आहे (५८ टक्के) आणि मी तिच्यासमोर उलट्या टोपलीवर बसून लिहितो आहे.

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. मी बरा आहे. खोकला गेला. धुलाईच्या कारखान्यातले दुसरे यंत्र परत सुरू झाले, त्यामुळे रुग्णालयाच्या चादरी वेळेवर निघतात आणि आमच्या मालकीणबाई दिवसातून दोनदाच ओरडतात. तुमची तब्येत कशी आहे ते विचारत नाही, कारण 'ठणठणीत' याखेरीज दुसरे उत्तर तुम्ही आजवर दिलेले नाही.

सोबत माझी वही आहे; पाकीट आज संध्याकाळी तुमच्या दारात टाकून जाईन. वर्ष काल भरले. मागच्या वर्षी तुमचे गॅरेज सोडून मी ही इलेक्ट्रिक व्हॅन चालवायला निघालो, तेव्हा तुम्ही दारात हात पुसत म्हणाला होतात, "नव्याचे नऊ दिवस, मोजपट्टी! जे उघडता येत नाही ते दुरुस्त होत नाही. वर्षभर लिही, किती वेळा बंद पडते ते. मी माझ्या पेट्रोलच्या व्हॅनचं लिहितो. मग वह्या समोरासमोर ठेवू." आणि मामी आतून म्हणाली, "त्या दोन वह्यांत मी कुठे आहे? रद्दीत?"

तेव्हा ती गंमत होती. आता राहिलेली नाही. डायलिसिसच्या चार पेशंटची आठवड्यातून तीनदा ने-आण करायचे काम रुग्णालय पुढच्या वर्षीही तुम्हालाच देते आहे, फक्त शनिवारपर्यंत लेखी उत्तर मागते आहे: तुमचीच जुनी व्हॅन ठेवणार, की त्यांची नवी इलेक्ट्रिक घेणार? तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझी वही पाठव, मग लिहून टाकतो." म्हणजे माझ्या वहीवर चार माणसांचे वर्ष ठरणार. म्हणून पाठवण्यापूर्वी ती तीनदा वाचली.

माझ्या वहीत 'बंद' नऊ वेळा आहे. तुमच्या वहीत शून्य.

नऊपैकी चार वेळा गाडी धडधाकट होती, चार्जिंगचा खांबच मेलेला होता. दोनदा समोरचा पडदा काळा झाला. कंपनीचा माणूस आला, त्याने गाडी पाच मिनिटे बंद ठेवून परत चालू केली आणि पडदा काही घडलेच नाही अशा थाटात उजळला. मी विचारले, "झालं काय होतं?" तो म्हणाला, "झालं ना आता सुरू?" एकदा उंदराने वायर कुरतडली. (उंदीर कोणाच्या खात्यावर धरायचा? तो पेट्रोलच्या गाडीतही शिरतो.) एकदा मागचे दार उघडेना. नववी नोंद ९ जुलैची.

मोटर स्वतः एकदाही बिघडली नाही, याचे मला अजून नवल वाटते. तुमच्या इंजिनात शंभर वस्तू वर-खाली नाचतात आणि त्यातली एक रुसली की बाकीच्या नव्व्याण्णव थांबतात. इथे एक वस्तू फिरते, बाकी सगळे नुसते बसून असते. पण तुमचेही एक म्हणणे मला पटले आहे. पेट्रोलची गाडी रस्त्यात थांबली की चार माणसे जमतात आणि चौघेही शहाणे असतात. माझी थांबली की चार माणसे जमतात आणि चौघेही गप्प उभे राहतात, मयताला आल्यासारखे.

आता तुमचे शून्य. रागावू नका. २९ ऑगस्टला आमच्याकडे पाणी आले नव्हते, कारखाना बंद होता, म्हणून मी तुमच्याबरोबर फेरीला आलो होतो. पाण्याच्या टाकीपाशी व्हॅनने दोन आचके दिले आणि थांबली. मागच्या सीटवर निवृत्त मास्तर होते. डायलिसिसला निघालेला माणूस, पण जीभ तशीच.

"काय हो, आज इंजिन भाव खातंय?"

"दम खातंय, मास्तर. तुमच्या वर्गातली पोरं खायची तसं."

"माझ्या वर्गातली पोरं घंटा झाली की पळायची. हे कधी पळणार? तिकडे माझं मशीन दुसऱ्याला देतील."

मी उतरायला लागलो तर तुम्ही म्हणालात, "बस तू. माझा हात पुरतो." तुम्ही सीटखालची पेटी काढली. त्यात फॅनबेल्ट, दोन स्पार्क प्लग, क्लचची केबल, तार आणि टाकी गळलीच तर लावायला साबणाची अर्धी वडी होती. जी गाडी कधीच बंद पडत नाही तिच्यात एवढा संसार कशाला, असे मनात आले. पंचवीस मिनिटांनी व्हॅन सुरू झाली. डॅशबोर्डवर तुमची वही होती. त्या तारखेपुढे तुम्ही शून्य लिहिलेत. मी विचारले तर म्हणालात, "टोचन करून न्यावी लागली तरच बंद. आपल्या पायांनी पुढे गेली ना? मग?"

मी यावर बरेच दिवस विचार केला. गाडी भरवशाची आहे म्हणजे नेमके काय? कधीच थांबत नाही ती, की थांबली तर पाच मिनिटांत सुरू करणारा माणूस आत बसलेला आहे ती? तुमची व्हॅन भरवशाची नाही, मामा. तुम्ही भरवशाचे आहात, आणि ती तुमच्या जिवावर नाव कमावते.

पूर्वी त्याच कामाला तुम्हाला पाच मिनिटे लागायची.

बाईंनी हाक मारली म्हणून उठून गेलो होतो. आता २ वाजून ३५ झाले. प्लग जागेवर आहे, पाहिला. ७९ टक्के.

९ जुलैबद्दल लिहितो. त्या दिवशी साडेचारला मामीची वेळ होती, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तुम्ही फेरीवर होतात म्हणून मी नेणार होतो. तुम्हाला ठाऊक आहे ते एवढेच की पुलाच्या चढावर माझी गाडी बंद पडली, तुम्ही फेरी संपवून तुमची व्हॅन घेऊन आलात, मामीला नेलेत, पण डॉक्टर निघून गेले होते आणि पुढची तारीख पाच आठवड्यांनी मिळाली. टोचनगाडीचे पैसे तुम्ही भरलेत. मी नको म्हणालो तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, "अरे, डबा तो डबा. त्यात तुझा काय दोष?" ती थाप अजून पाठीवर आहे.

माझ्या वहीत त्या तारखेला लिहिले आहे: "बॅटरी अचानक उतरली. कारण: वाहन."

खरे असे. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी मी गाडी चार्जिंगला लावली, बारा टक्क्यांवर. मला प्लग तापेल ही धास्ती असते, हे तुम्ही जाणता. पुन्हा पुन्हा तपासायची खोड जुनीच, तिच्यावरूनच तर मोजपट्टी म्हणता. तीन वेळा उठून पाहिले. चौथ्यांदा, २ वाजून २५ मिनिटांनी, प्लग काढूनच हात लावून पाहिला. गार होता. तेवढ्यात बाईंनी चादरी मोजायला हाक मारली. मी प्लग साबणाच्या पिंपावर ठेवला, वहीत लिहिले "प्लग तपासला, ठीक" आणि गेलो. ती ओळ वहीत अजून आहे, पाहा. तपासला नसता तर गाडी पुरेशी भरली असती.

चार वाजता पाहिले तर १९ टक्के. डॉक्टरांचे अंतर चौदा किलोमीटर. मी हिशेब केला, वीस जाईल. मागे ओल्या चादरींच्या सहा गाठी होत्या, त्या हिशेबात धरल्या नाहीत. मामी पर्स छातीशी धरून दारात उभी होती. म्हणाली, "चला, आज तुझ्या आगगाडीचा थाट बघू." तिला 'थांब, रिक्षा करू' म्हणायला तीन शब्द पुरले असते. पण मग ते तुम्हाला कळले असते. पुलावर आकडा तीनवर आला तेव्हा मी तिला खिडकीतून नदी दाखवत होतो.

आता दुसरी गोष्ट. हिच्यासाठी मामीने मला शपथ घातली आहे, ती मोडतो. त्या पाच आठवड्यांत तिला सुईत दोरा ओवता येईना. तिने तुम्हाला सांगितले. तुम्ही खिडकीपाशी बसून पाऊण तास प्रयत्न केलात आणि म्हणालात, "हल्ली सुयांची भोकं लहान करायला लागलेत." तिने हसून सुई परत घेतली आणि मग मला फोन केला. "तुझ्या मामाचा उजवा हात थरथरतो रे," म्हणाली, "मला धूसर दिसतं, पण एवढं दिसलं."

टाकीपाशी तुमच्या हातून पाना तीनदा पडला होता. मी मोजले. तुमच्या वहीतली ऑगस्टपासूनची शून्ये नीट मिटत नाहीत, त्यांची टोके जुळत नाहीत. तेही मी पाहिले आणि आजवर गप्प बसलो, कारण तुमच्या हाताचा विषय काढला असता तर माझ्या प्लगचा निघाला असता.

म्हणून माझी नववी नोंद वाचून शनिवारी 'पेट्रोलचीच ठेवतो' असे लिहू नका. ते खोट्यावर लिहिलेले होईल. इलेक्ट्रिक गाडी विसरभोळ्याला माफ करत नाही, हा तिचा खरा दोष लिहून घ्या. चार्जिंगचे खांब मरतात, हा दुसरा. रुग्णालयाने स्वतःचा लावून द्यावा ही अट घाला. पण भर रस्त्यात पान्यासाठी ती कोणाचा हात मागत नाही. पेट्रोलची मागते.

आणि कोणतीही घेतलीत तरी ती चालवायची कोणी, हे डॉक्टरांनी हात पाहिल्यावर ठरवा. उद्या बुधवार, तुम्ही पेशंट घेऊन याल. नसांचे डॉक्टर पहिल्या मजल्यावर बसतात, अकरा ते एक. मी चौकशी करून तुमचा नंबर लावला आहे, सातवा. तुमचे नाव मी लिहिले म्हणून संतापाल, पण मास्तर मशीनवर चार तास असतात, तुम्हाला तेवढा वेळ रिकामाच असतो. मास्तरांना मी काही सांगितलेले नाही. तरी ते परवा मला म्हणाले, "तुझा मामा गाडी चालवतो तेव्हा मी डोळे मिटून बसायचो. हल्ली उघडे ठेवतो." मी विचारले का. म्हणाले, "असंच. देखावा बघतो."

चालक म्हणून माझा विचार करू नका असेच मला आधी लिहायचे होते. पण ते मी ठरवणे बरोबर नाही. ९ जुलैपासून मी एक नियम केला आहे: प्लग काढला तर हातातून खाली ठेवायचा नाही, कोणी कितीही हाका मारो. बाईंना सांगून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, "लग्नात वरमाला घालायला तरी खाली ठेवशील का?" पण नियम एकदाही मोडलेला नाही. एवढे धरून काय ते तुम्ही ठरवा.

हे सगळे मामीला वाचून दाखवा. तिचे नाव रद्दीत जाऊ नये.

गाडी भरली. ३ वाजून ५० मिनिटे. प्लग काढून खुंटीला लावला आणि मगच ही ओळ लिहिली.

तुमच्याकडेच पाना धरायला शिकलेला,
मोजपट्टी

दुरुस्त नोंद:
माझी गाडी बंद ८, मी १.
तुमची व्हॅन बंद, मी पाहिलेली, १. तुम्ही ०.

खर्च झाले: वही ३५, पाकीट ५. एकूण ४०. (माझे मला.)

तुमचे देणे: टोचनगाडी १,८००. डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीचे ३००. मामीची परत गेलेली शिवणकामे, गिऱ्हाइके दोन, ६४०. (मामीने आकडा सांगितला नाही, गिऱ्हाइकांना विचारून काढला.) एकूण २,७४०.
पैकी सोबत १,०००. बाकी १,७४०, माझ्याकडे.
वाहनाकडे काही निघत नाही.