पाव्हण्याच्या हाती कॅसेट

३ मार्च ८३
तामलवाडीत पोचलो. साडेचार वर्षांनी. घर ओळखलं ते स्लॅबवरून. वस्तीत दुसरा स्लॅब नाही. बहात्तरच्या दुष्काळात याच रस्त्यावर खडी फोडली, मग वेल्डिंग शिकलो, मस्कत गाठलं. त्याचं हे घर. खिडकीचे गज मात्र कुणा अडाण्यानं जोडलेत. माझ्या घराला, आणि असलं काम!

लेक सुजाता दारात. अकरा महिन्यांची होती तेव्हा गेलो. तांब्या पुढं केला. "पाव्हणं, पाय धुवा." मग गूळ-पाणी. मग, "बाबाची कॅसेट आणलाव का?"

मस्कतहून आजवर जो आला तो माझ्या आवाजाची कॅसेट घेऊन आला नि गूळ-पाणी पिऊन गेला. कॅसेट न आणणारा मी पहिलाच.

५ मार्च
सौ.नं समजावलं, "आगं, हेच तुजे बाबा." सु. हसली. टेपकडं बोट. "बाबा त्यात हायत."

दुपारी जुनी कॅसेट लावून बसली. माझाच आवाज, "बाळा, जेवलीस का?" ही म्हणते, "व्हय बाबा." मी शेजारी बाजेवर. मीही विचारलं, जेवलीस का. तिनं टेपचा आवाज वाढवला.

स्वतःच्याच आवाजाचा राग आला. वेडेपणा. पण आला.

९ मार्च
आजही ताट माझं मीच घासलं, वळकटी बॅगेवर ठेवली. मस्कतच्या कॅम्पची सवय, एका खोलीत आठ जण. सौ. चिडली. "हे काय करायलाव? आत्ताच निघाल्यावानी दिसतंय. घर तुमच्या घामाचं हाय, जरा पसरून बसा की."

पसरायचं कसं तेच विसरलोय. पोर रोज सकाळी ती वळकटी बघते.

१४ मार्च
मस्कतहून मालकाचं पत्र. आणखी दोन वर्षं ठेवतो, महिनाअखेर कळवा. सौ. म्हणते, घरावर स्लॅब झाला, विहिरीला पाणी लागलं, आता बास. साखर कारखान्यात वेल्डर लागतातच. तिला सांगितलं नाही ते इथं लिहितो. तिकडं असलो की निदान पोर मला बाबा म्हणते.

१९ मार्च
लिंबाला झोका बांधला. कड्या स्वतः वळवल्या. सु. तासभर झुलली. "पाव्हणं, जोरात!" म्हणाली. दिला जोरात.

२६ मार्च
सु.नं कॅसेट आणून दिली. तिनंच भरलेली. "तिकडं गेलाव की आमच्या बाबाला द्या."

ती खेळायला गेल्यावर लावली.

"बाबा, घरी पाव्हणं आल्यात. चांगले हायत. ताट आपलं आपण घासत्यात. मला झोका बांधला. तुमी आलाव की त्यांला जाऊ देऊ नका. दोघं बी ऱ्हावा."

पुढं नुसती खरखर. तीही शेवटपर्यंत ऐकली.

मालकाला कळवायला पाच दिवस उरलेत. कॅसेट बॅगेत ठेवली. काढली. परत ठेवली.